वाढणारीचे ताट

मूल जेवत नाही, भाजीला तोंड लावत नाही, पानात वाढलेली कोशिंबीर तशीच टाकून उठते, अशी फिर्याद घेऊन बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात तिष्ठत बसणाऱ्या आईबापांची आपल्याकडे कधीच वानवा नसते; वानवा असते ती, आपण स्वतः काय जेवतो, कोठे बसून जेवतो आणि मुलाच्या देखत जेवतो की त्याची पाठ वळल्यावर, याची सरळ जबानी देण्यास तयार असणाऱ्यांची. या फिर्यादीत आरोपी नेहमी अडीच-तीन वर्षांचा एक जीव असतो, आणि साक्षीदार, वकील व न्यायाधीश ही तिन्ही कामे वडीलधारी मंडळी आपसांत वाटून घेतात. वास्तविक मुलांच्या आहाररुचीविषयी गेल्या शंभरेक वर्षांत देशोदेशीच्या संशोधकांनी जी निरीक्षणे नोंदविली आहेत, ती मराठी घरातील रोजच्या पंगतीशेजारी ठेवून पाहिली, तर चौकशीचा रोख आरोपीवरून फिर्यादीकडे वळल्याखेरीज राहत नाही.

ही चौकशी मूल पाटावर बसू लागण्याच्या पुष्कळ आधीपासून करावी लागते. गर्भ ज्या जलात वाढतो ते जल तो गिळत असतो, आणि मातेच्या अन्नातील गंध त्या जलात उतरतो. फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, गर्भजलाची तपासणी व्हावयाची होती अशा स्त्रियांपैकी काहींना थोडा वेळ आधी लसणाचा अर्क घातलेल्या कुप्या दिल्या, आणि नंतर ते नमुने हुंगणाऱ्यांना लसणाचा वास ओळखू आला. त्यापूर्वी १९९१ साली याच संशोधकांनी दाखविले होते की, लसूण घेतल्यानंतर सुमारे दोन तासांनी मातेच्या दुधाला त्याचा गंध सर्वांत अधिक येतो, आणि त्याने बाळ तोंड फिरवील ही अपेक्षा खोटी ठरवून ते उलट अधिक वेळ स्तनाशी राहते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रयोगात काही गर्भवतींनी शेवटच्या तिमाहीत, तर काही मातांनी स्तन्यपानाच्या पहिल्या दोन महिन्यांत, तीन आठवडे नेमाने गाजराचा रस घेतला. पुढे त्यांची बाळे गाजराच्या चवीची पेज खाताना, ज्यांच्या मातांनी तो घेतला नव्हता त्या बाळांच्या मानाने, कमी तोंड वेंगाडीत असल्याचे आढळले. फ्रान्सच्या आल्सास प्रांतात, जेथे विलायती बडीशेपेच्या मिठाया घरोघरी खाल्ल्या जातात, तेथील नवजात अर्भकांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसून आले : मातेने गरोदरपणी ती खाल्ली असेल, तर काही तासांचे बाळदेखील त्या वासाकडे मान वळविते.

आता आपल्या बाळंतिणीचा आहार आठवावा. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणीची चटणी, आळिवाचे व डिंकाचे लाडू आणि जेवणानंतर बाळंतशोपा. या यादीतील लसूण ही तर मोनेलमधील प्रयोगाचीच वस्तू, आणि शेपू व बाळंतशोपा या आल्सासच्या बडीशेपेच्याच कुळातील. दूध वाढावे, वात सरावा, कंबर भरून यावी या हेतूने घालून दिलेला हा आहार, कोणी ठरविलेले नसताना, बाळाच्या जिभेला घरच्या स्वयंपाकाची पहिली ओळख करून देत आला आहे. त्यातही एक गंमत आहे, आणि ती बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा आपला शिरस्ता असल्यामुळे गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि बाळाचे पहिले महिने ही दोन्ही आजोळच्या स्वयंपाकघराच्या अंमलाखाली जातात. म्हणजे ज्या मुलाला पुढे आयुष्यभर वडिलांचे आडनाव लावावयाचे, त्याच्या जिभेवरची पहिली नोंद मात्र आईच्या आईच्या नावे होते. नातू आपल्या घराण्याच्या वळणावर गेला आहे अशी ग्वाही देणाऱ्या आजोबांनी ही गोष्ट विचारात घेतलेली बरी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण प्रत्येक गोष्टीचे पाप आईबापांच्या, आणि विशेषतः आईच्या, माथी मारण्याची आपली खोड जुनी आहे. जिभांमध्ये जन्मजात भेद असतात. १९३१ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ एक भुकटी बाटलीत भरीत असताना ती हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याने ती कडू लागते अशी तक्रार केली, आणि फॉक्सला तर काहीच चव येईना. त्या वादातून पुढे असे सिद्ध झाले की, काही विशिष्ट पदार्थांची कडू चव जाणवणे वा न जाणवणे हे आनुवंशिक आहे. अपरिचित अन्नाला नकार देण्याची वृत्तीही मोठ्या प्रमाणात उपजतच येते; इंग्लंडमधील पाच हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांवर आधारलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्या वृत्तीतील भिन्नतेपैकी ७८ टक्के भाग आनुवंशिकतेच्या खाती टाकला. तेव्हा एकाच घरातील दोन भावांपैकी एक नव्या भाजीवर तुटून पडतो आणि दुसरा तिच्याकडे बघायला राजी नसतो, याचा दोष कोणाच्या संस्कारांना देण्याचे कारण नाही. मात्र उपजत नकार म्हणजे जन्माचा नकार नव्हे. तो मावळतो, फक्त तो मावळविण्याची जी रीत आपण अवलंबितो ती बहुधा उलटी असते.

ही रीत उलटी कशी, हे पाहावयाचे तर मिरचीकडे पाहावे. मिरची ही मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. निसर्गतः जीभ भाजणारी, डोळ्यांत पाणी आणणारी ही वस्तू कोणतेही बालक पहिल्या खेपेस आवडीने खाणार नाही. तरीही कोल्हापूर, सोलापूर, नागपूर या मुलखांतील मूल दहा वर्षांचे होईतो ठेच्यावाचून भाकरी गोड मानीत नाही. हा चमत्कार कोणत्या उपदेशाने झाला? कोणत्या आईने कधी मुलाला सांगितले, की एवढा ठेचा संपव म्हणजे तुला पेढा देईन? उलट घरोघरी चालत आलेले वाक्य असे असते, की ‘तुला तिखट लागेल, तू मोठा झालास की खा.’ पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह मेक्सिकोतील ओहाका प्रांतातल्या एका खेड्यात मिरचीची ही आवड कशी लागते याचा शोध घेतला आणि १९८० साली तो प्रसिद्ध केला. तेथेही त्याला बक्षीस, धाक, आमिष यांपैकी काही आढळले नाही. मोठी माणसे आणि वडील भावंडे रोज खातात, मुले ते पाहतात, हळूहळू थोडे थोडे त्यांच्या वाट्याला येते, आणि पाच-सहा वर्षांची झाली की ती आपण होऊन आपल्या अन्नावर तिखट घेतात. त्याच गावातील कुत्री आणि डुकरे रोज तेच तिखट उष्टे खात असूनही त्यांना मात्र त्याची गोडी लागलेली दिसली नाही. केवळ सवयीने जे साधत नाही ते मोठ्यांच्या पंगतीत सामील होण्याच्या ओढीने साधते, असा याचा अर्थ प्रस्तुत लेखक लावतो.

आता याच घरात पालकाची किंवा दोडक्याची भाजी कशी वाढली जाते ते पाहावे. प्रथम तिचे गुणवर्णन होते, मग डोळ्यांची शक्ती, मग पैलवान, मग धमकी, मग ‘भाजी संपव, मग श्रीखंड’ असा तहनामा. लिअॅन बर्च या अमेरिकन संशोधिकेने मुलांच्या आहारावर जे प्रदीर्घ काम केले, त्यातील १९८४ सालच्या एका प्रयोगात मुलांना एक पेय पिण्याबद्दल बक्षीस देण्यात आले, आणि परिणाम असा झाला की त्या पेयाची त्यांची आवड पूर्वीपेक्षा कमी झाली. मुलांनी सरळ हिशेब केला की, ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू चांगली असणे शक्य नाही. २००६ साली त्यांच्याच सहकाऱ्यांसह झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ‘सूप संपवा’ असा तगादा लावलेल्या मुलांनी, तगादा न लावलेल्या वेळेपेक्षा, सूप कमी घेतले आणि नावे अधिक ठेवली. श्रीखंडाचा भाव या व्यवहाराने वाढतो, भाजीचा उतरतो. उलट नुसते पुढे ठेवीत राहण्याने जे होते त्याची साक्ष लंडनच्या जेन वॉर्डल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात आहे : दोन ते सहा वर्षांच्या मुलांना, त्यांना न आवडणाऱ्या एका भाजीचा लहानसा तुकडा आईबापांनीच चौदा दिवस रोज चाखावयास दिला, आणि त्या मुदतीअखेर ती भाजी आवडू लागल्याचे व अधिक खाल्ली गेल्याचे दिसून आले. आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या नकारानंतरच ‘आमच्या बंड्याला ती आवडत नाही’ असा कायमचा शेरा दप्तरी मारला जातो, आणि मग ती भाजी आणणेच बंद होते.

या सर्व संशोधनात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हार्पर आणि सँडर्स यांचा १९७५ सालचा, तसा अगदी साधा प्रयोग. अपरिचित खाद्य नुसते मुलापुढे ठेवले तर थोडी मुले ते चाखतात. तेच मोठ्या माणसाने स्वतः खात खात पुढे केले तर पुष्कळ अधिक मुले चाखतात. आणि ते मोठे माणूस परके असण्यापेक्षा आई असेल तर गुण अधिक येतो. अमेरिकेतील या निष्कर्षाला तेथे काही अडचण नसेल, पण मराठी घरात तो आणला की एक विलक्षण प्रश्न उभा राहतो. येथे ज्या व्यक्तीचे खाणे मुलाने पाहावयाचे, ती व्यक्ती मुलाच्या देखत खातच नाही.

आपल्या पंगतीचा दस्तूर असा, की पुरुष आणि मुले आधी बसावयाची, बाईने वाढावयाचे, आणि सर्वांची पाने उचलल्यावर, ओट्याशी किंवा स्वयंपाकघराच्या दाराआड, उरलेसुरले घेऊन तिने बसावयाचे. शहरात मेज आले, खुर्च्या आल्या, तरी गरम पोळी तव्यावरून थेट पानात पडण्याची अपेक्षा काही गेली नाही, आणि जोवर ती आहे तोवर पोळी लाटणारी चौथ्या खुर्चीवर बसणे अवघडच. तिच्या ताटात काय असते, हे मुलाला ठाऊक नसते. सकाळची शिळी पोळी, भाताची खरवड, भाजीचा रस्सा संपला असेल तर लोणच्याची फोड. मुलाने पालेभाजी खावी म्हणून जी जिवाचा आटापिटा करते, तिच्या वाट्याला ती भाजी आली की नाही हे मुलगा कधी पाहत नाही. मुलगी मात्र पाहते. दहा-बारा वर्षांची झाली की ती वाढू लागते, आणि वाढता वाढता मागे राहणे, कमी घेणे, दुधावरची साय भावाच्या वाटीत टाकणे हेही आईकडून, अक्षरही न बोलता, शिकून घेते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली. या आकड्यांमागे दारिद्र्य आहे, जंत आहेत, लवकर होणारी लग्ने आहेत, हे कोणी नाकारणार नाही. पण शेवटी बसण्याच्या वहिवाटीला त्यांतून निर्दोष सोडता येईल असे मला वाटत नाही.

नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील अळणी भाजीचा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्यांना पाठ आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील एक शब्द न बोलता जेवतात, आणि ते बोलले नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. या प्रसंगाचा उपयोग आजवर संयम आणि परस्परांविषयीचा आदर शिकविण्यासाठी झाला, आणि ते योग्यच आहे. तथापि आहाराच्या दृष्टीने वाचले तर त्यात दोन गोष्टी उघड्या पडलेल्या आहेत. मुले काय खाणार हे बापाच्या मुद्रेवरून ठरले, ही एक. आणि भाजी अळणी झाल्याचा पत्ता आईला लागला तो सगळे उठल्यावर, ती स्वतः जेवावयास बसली तेव्हा, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीचा अंमल आजही अबाधित आहे. घरात कारले होत नाही, कारण ‘ह्यांना’ चालत नाही. मुळ्याची भाजी होत नाही, कारण तिच्या वासाने ‘हे’ पानावरून उठतात. शेपू तर बाळंतपणापुरताच येतो आणि मग त्याचे नाव काढावयाची सोय नाही. बापाची नावड ही घरातील बिनलेखी सनद असते, आणि मुलाने ‘मला नको’ म्हटले म्हणून रागे भरणारा तोच गृहस्थ स्वतः मात्र ती सनद पिढीजात हक्काने वापरीत असतो. मुलांनी न पाहिलेल्या भाज्यांची यादी काढली तर तीत बापाच्या नावडीच सर्वांत अधिक निघतील, अशी माझी खात्री आहे. कारण चव लागण्यास वस्तू आधी घरात यावी लागते.

दुसऱ्या गोष्टीला मात्र आपल्याकडे एक मोठा सुखद अपवाद आहे, आणि तो म्हणजे उपास. एकादशीला, संकष्टीला, सोमवारी आईचे ताट वेगळे होते आणि, काय असेल ते असो, त्या दिवशी ते दिसूही लागते. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. मुलाला उपास नसतो, पण आईच्या ताटातला घास त्याला हवाच असतो, आणि एरवी बटाट्याखेरीज कंद न ओळखणारे कार्टे त्या दिवशी रताळ्यासाठी हात पुढे करते. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तोही मिरचीसारखाच अमेरिका खंडातून आलेला. पण आईने खाल्ला म्हणून तो आज प्रत्येक मराठी मुलाचा आवडता. पोषणाच्या दृष्टीने त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही, ही गोष्ट निराळी. सांगावयाचे ते इतकेच, की आई जे खाताना दिसते त्याची लालसा मुलाला कोणी शिकवावी लागत नाही.

हाच न्याय चहालाही लागू आहे, हे दुर्दैव. खेड्यातील आणि शहरातील लक्षावधी मुलांचा दिवस चहा-बिस्किटांनी किंवा चहा-चपातीने सुरू होतो, याचे कारण घरातील मोठ्यांचा तो तसाच सुरू होतो. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, हे सांगितले तरी बशीत ओतलेला तो गरम घोट मुलाला देण्याची माया कमी होत नाही. १९८३ च्या सुमारास दोन मिनिटांच्या शेवया आल्या, पाच रुपयांचे पुडे वाण्याच्या दाराशी माळेसारखे लटकू लागले, आणि ‘मुलांसाठी काहीतरी वेगळे’ करण्याची चाल घरोघरी पडली. ही चाल मला बाजारापेक्षाही घातक वाटते. कारण बाजार मुलाला पुडा विकतो, पण मोठ्यांच्या अन्नात तुझा वाटा नाही हे त्याला घरच सांगते. पंगतीत शेजारच्याचे पाहून मूल कसे खाते, हे पाहावयाचे असेल त्याने जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी जावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळांतून शिजवलेले अन्न देण्याची तजवीज झाली, आणि घरी मटकीची उसळ पाहून नाक मुरडणारे मूल तेथे ओळीत मांडी घालून, तीच मटकी घातलेली खिचडी मागून घेताना दिसते. बर्च यांनी १९८० साली वाटाण्यांवर हेच दाखविले होते. ज्यांना वाटाणे आवडतात अशा मुलांत काही दिवस बसविले, की नावडणारेही ते खाऊ लागतात.

मग मुलाला सर्वस्वी मोकळे सोडावे काय? या मताचे लोक क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरबाईंचा दाखला देतात. त्यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात नुकतीच दूध सुटलेली मुले दीर्घकाळ देखरेखीखाली ठेवून, तीसेक खाद्ये पुढे मांडून, हवे ते हवे तितके घेण्याची मुभा दिली. परिचारिकांना तर एखादी वस्तू सुचविण्याचीही बंदी होती. पंधरा मुलांपैकी एकाचाही आहार दुसऱ्यासारखा झाला नाही, आणि तरी सर्व धष्टपुष्ट निघाली. मुडदूस झालेले एक मूल तर बरे होईपर्यंत आपण होऊन कॉडमाशाचे तेल पीत राहिले. परंतु १९३९ च्या आपल्या निवेदनात बाईंनीच खरी मेख सांगून ठेवली आहे : यादीत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हते, जे होते ते सर्व साधे व सकस होते. निवड मुलांची, पण मांडणी वडीलधाऱ्यांची. आपण मांडणी वाण्याच्या हवाली केली आहे आणि निवडीवर पहारा बसविला आहे.

मांडणीचा हा हिशेब किती मागे न्यावा लागतो, हे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत दिसून आले. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली तेथे गरोदर स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला, आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे आढळले की, बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी मातेच्या आहारातील एकूण उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा संबंध अधिक स्पष्ट होता. म्हणजे वाढणारीच्या ताटातून जी भाजी सर्वांत आधी संपते, तीच. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. ती मुले वाढत गेली, संशोधक त्यांच्या मागावर राहिले, आणि २०१२ साली, ती पौगंडावस्थेत असताना, पुढच्या पिढीचा विचार करून त्यांना ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या गोळ्या मुलींबरोबर मुलांनाही देण्यात आल्या. मुलगी पुढे आई होणार म्हणून तिच्या खाण्याची उशिरा का होईना चौकशी करणारा समाज, बाप होणाऱ्या मुलाच्या ताटाकडे तोवर, त्याला हवे ते गरम गरम मिळाले की नाही, एवढ्यापुरतेच पाहत आला होता.